लग्नाचे फोटो : आधी यादी, मग कॅमेरा

श्रोतेहो, तुळशीचे लग्न झाले की लग्नाच्या तिथी सुरू होतात. आपल्या नांदेड-लातूरकडे खरी लग्नसराई मात्र रब्बीची सुगी घरात आल्यावरची. ज्वारी, हरभरा, करडई निघते, हातात चार पैसे येतात, आणि चैत्र-वैशाखात एकेका तिथीला एकाच रस्त्याने चार-चार वऱ्हाडे जाताना दिसतात. मग घरोघर याद्यांचे काम चालते. किराण्याची यादी, आहेराची यादी, पत्रिका कोणाकोणाला द्यावयाच्या त्यांची यादी, आचाऱ्याने मागितलेल्या भांड्यांची यादी. एवढ्या याद्यांत एक यादी मात्र सहसा कोणी करीत नाही, ती म्हणजे फोटोंची. फोटोग्राफरला इसार दिला, की आपले काम संपले असे आपण समजतो. पुढे महिना-दोन महिन्यांनी अल्बम येतो. सारे घर त्याभोवती जमते. पाने उलटतात, आणि मध्येच कोणी तरी विचारते, "अरे, आज्जी कुठंय?" आज्जी तर दिवसभर मांडवात होती. अल्बमात मात्र ती नाही.

आता कोणी म्हणेल, लग्नासारख्या कार्यात फोटोचे काय एवढे? अन्नदान, मानपान, मुलीची पाठवणी या मोठ्या गोष्टी. फोटो म्हणजे हौस. मला तसे वाटत नाही. आपल्या खेड्यांतल्या कित्येक म्हाताऱ्या माणसांचा चांगला असा एकच फोटो असतो, आणि तो कोणाच्या तरी लग्नातला असतो. माणूस गेल्यावर भिंतीवर लावण्यासाठी तोच मोठा करून आणतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती कोसळल्या, हजारो माणसे दगावली. त्या भिंतींबरोबर भिंतींवरच्या तसबिरीही मातीत गेल्या. अशा वेळी कळते की गेलेल्या माणसाचा चेहरा पुन्हा पाहावयास मिळणे ही केवढी गोष्ट आहे. लग्नात सारे गणगोत एका दिवशी, एका ठिकाणी येते. ही संधी त्या घराला पुन्हा किती वर्षांनी येईल, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून या दिवसाच्या फोटोंचा थोडा आधी विचार करावा, एवढेच आज सांगावयाचे आहे.

फोटोची कला जगापुढे आली ती १८३९ साली. आपल्याकडे ती लवकरच पोहोचली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफीची सोसायटीही निघाली. आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, आणि त्या संस्थानाला राजा दीनदयाळ यांच्यासारखा नामांकित छायाचित्रकार लाभला होता. सहावे निजाम महबूब अली खान यांनी त्यांना पदवी देऊन गौरविले. दीनदयाळांनी १८९२ साली हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ उघडला होता, आणि तेथे फोटो काढावयास एक बाईच नेमलेली होती. ही गोष्ट लक्षात ठेवा, तिचा उपयोग पुढे होणार आहे.

अर्थात हे सारे अमीर-उमरावांसाठी. सामान्यांच्या मांडवात कॅमेरा आला तो फार पुढे. तालुक्याच्या गावाहून फोटोग्राफर एस.टी.ने यावयाचा. त्याच्या गळ्यात साधा कॅमेरा, पुष्कळदा आगफाचा 'क्लिक थ्री'. त्या कॅमेऱ्यात एक रोळ घातला, की फोटो निघत बारा. बारा म्हणजे बाराच! तेरावा पाहिजे तर दुसरा रोळ, आणि त्याचे पैसे वेगळे. त्यामुळे घरचा कर्ता माणूस आधीच बोटे मोडून हिशेब करी. एक अंतरपाटाचा, एक सप्तपदीचा, एक विहीणबाईंचा, एक मामाचा, एक सगळ्या भाऊबंदांचा. गरिबीने का होईना, पण निवड करावी लागत असे. पुढे छत्तीस फोटोंचा रोळ आला, रंग आले, व्हिडिओ आला. आज एका लग्नात दोन-तीन हजार फोटो सहज निघतात. पाहुण्यांच्या मोबाईलमधले वेगळेच. फोटो वाढले आणि निवड करणे मात्र मागे पडले. "काढत राहा, मग बघू," असे आपण म्हणतो, आणि मग कोणीच बघत नाही.

तर मंडळी, माझी सूचना अगदी साधी आहे. लग्नाच्या तीन-चार दिवस आधी, रात्रीची जेवणे झाल्यावर, घरच्या चार माणसांनी कागद घेऊन बसावे आणि एकमेकांना विचारावे, की आपल्याला आज बाराच फोटो काढता आले असते, तर ते कोणते काढले असते? ही बारांची यादी आधी करावी. त्यानंतरचे दोन हजार फोटोग्राफरला सुखाने काढू द्यावेत. ही यादी करताना घरातल्या वडीलधाऱ्या बाईला जरूर बसवावे. कोणत्या आत्याला कोणाशेजारी बसवायचे, कोणाचा कोणाशी अबोला आहे, कोण औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, दहा वर्षांनी येते आहे, हे तिला जितके ठाऊक असते तितके आणखी कोणाला नसते.

यादीत आधी माणसे लिहावीत, नंतर विधी, आणि उरलेल्या जागेत हौस. विधी तर होणारच आहेत, ते फोटोग्राफर विसरत नाही. विसरतात ती माणसे. आजी-आजोबा, आजोळची मंडळी, पाठच्या बहिणी, जिने मुलीला लहानपणी सांभाळले ती चुलती, शेतातला जुना सालगडी, वर्गातली जिवलग मैत्रीण. फोटोग्राफर परगावचा. त्याच्या दृष्टीने मांडवातली सगळी पागोटी आणि सगळी लुगडी सारखीच. म्हणून घरचा एक चुणचुणीत मुलगा किंवा मुलगी त्याच्याबरोबर दिवसभर द्यावी. तिच्या हातात यादी असावी, ती सर्वांना ओळखणारी असावी, आणि तिला वाढपाचे काम सांगू नये. करवलीला हे काम देऊ नका. तिला नवरीपासून हलता येत नाही.

आता वेळेचा विचार करू. वेळापत्रक नेहमी अक्षतांच्या वेळेपासून मागे मागे मोजीत यावे. समजा, पत्रिकेत मुहूर्त आहे दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांचा. त्याआधी नवरी गौरीहराशी बसणार, म्हणजे ती १२ च्या आत तेथे पाहिजे. त्यापूर्वी आई-वडील, भावंडे, मामा-मामी आणि आत्या यांच्याबरोबरचे फोटो. त्यांना वीस-पंचवीस मिनिटे धरा, आणि घोळासाठी पंधरा मिनिटे सोडा. म्हणजे नवरी सव्वाअकराला तयार झालेली असावी. हल्ली नवरीच्या शृंगाराला अडीच तास लागतात असे आयाबहिणी सांगतात. मग तिने पावणेनऊला तिथे बसले पाहिजे. उरली सकाळ. आठ ते साडेआठ हा अर्धा तास सोन्याचा आहे. ऊन कोवळे, म्हातारी माणसे ताजीतवानी, मांडवात गर्दी नाही. या अर्ध्या तासात आजी-आजोबांचे फोटो उरकून घ्यावेत. नवरी हळदीच्या पिवळ्या साडीत असली तरी चालेल. दागिने घातलेली नवरी पुढच्या प्रत्येक फोटोत आहेच. नवरीचा शृंगार चालू असताना फोटोग्राफरने स्वस्थ बसू नये, त्याने जानवशावर जावे आणि वरपक्षाची वडील मंडळी टिपावीत. म्हणजे "आमच्याकडच्यांचे फोटोच नाहीत," ही सोयऱ्यांची तक्रार उरत नाही.

पण आपल्याकडे एक अडचण असते. नवरदेवाचा परण्या मारुतीच्या देवळाकडे निघतो, पुढे बँड, पुढे नाचणारी पोरे, आणि १२.३५ चा मुहूर्त दोनवर जातो. कागदावरचे वेळापत्रक तेथेच कोसळते. याला उपाय एकच. जे महत्त्वाचे ते परण्या निघण्याआधी झालेले असावे. नंतर वेळ उरला नाही तर यादीच्या तळच्या गोष्टी सोडाव्यात, वरच्या नव्हेत. वेळापत्रक करण्याचा उपयोग तोच आहे. घाईच्या वेळी काय सोडायचे, ते डोके शांत असताना ठरवून ठेवलेले असते.

दुसरी गोष्ट उन्हाची. मे महिन्याच्या मध्यास लातूर-नांदेडच्या आकाशात भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो. शाळेतल्या मुलांना हे जरूर दाखवावे. सव्वाबाराच्या सुमारास अंगणात काठी सरळ उभी केली, तर तिची सावली जवळजवळ नाहीशी होते. आता हाच सूर्य नवरीच्या डोक्यावर आहे असे समजा. कपाळ चकाकते, भुवयांखाली डोळ्यांच्या जागी काळोखी पडते, आणि उन्हाने डोळे मिटलेले असतात. त्या वेळी उघड्यावर फोटो काढला, तर राजकन्यासुद्धा आजारी दिसेल. म्हणून साडेदहा ते साडेचारपर्यंत उघड्या उन्हात फोटो काढू नयेत. वाड्याची ढाळज, ओसरी, लिंबाची किंवा चिंचेची दाट सावली शोधावी. माणसांना सावलीत बसवावे, पण तोंड उजेडाच्या बाजूला करावे. ओसरीच्या कडेला बसलेल्या म्हातारीच्या चेहऱ्यावर अंगणातला उजेड जसा पडतो, तसा उजेड महागड्या दिव्यांनीही साधत नाही. संध्याकाळची वरात-पाठवणी असेल, तर ध्यानात ठेवा, मे महिन्यात पावणेसातपर्यंत उजेड असतो, पण मार्गशीर्षातल्या लग्नात पावणेसहालाच दिवस मावळतो. एक तासाचा फरक पडतो.

तिसरी गोष्ट मांडवाच्या कापडाची. आपण हौसेने लाल, पिवळे, निळे कापड लावतो. ऊन त्या कापडातून गाळून खाली येते आणि सगळ्यांचे चेहरे त्याच रंगाचे होतात. लाल कापडाखाली वऱ्हाड तापल्यासारखे दिसते, निळ्या-हिरव्याखाली काविळीतून उठल्यासारखे. मांडववाल्याला आधी सांगून बोहल्याच्या वर तेवढा पांढऱ्या कापडाचा पट्टा लावून घ्यावा. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत, फक्त आदल्या दिवशी आठवण करावी लागते.

अक्षतांच्या वेळी काय होते ते सर्वांनी पाहिलेले आहे. शेवटचे मंगलाष्टक संपते, अंतरपाट दूर होतो, वाजंत्री वाजते, आणि दोघे एकमेकांकडे पाहतात. ही सारी गंमत दहा-बारा सेकंदांची. नेमक्या त्याच वेळी वीस-पंचवीस जण मोबाईल घेऊन बोहल्यावर चढतात. हजार माणसांना नवरानवरी दिसत नाहीत, दिसतात त्या मोबाईलवाल्यांच्या पाठी. यासाठी ध्वनिक्षेपकावर बोलणाऱ्याने मंगलाष्टके सुरू होण्याआधीच विनंती करावी, "पाव्हणेहो, अक्षता जागेवरूनच टाकाव्यात, फोटोसाठी दोन माणसे नेमलेली आहेत." फोटोग्राफरनेही अंतरपाटाच्या एका अंगाला आधीच जागा धरावी आणि भटजींना अडवू नये. "पुन्हा एकदा हार घाला," "जरा थांबा, परत सप्तपदी चाला," असे सांगणारे फोटोग्राफर हल्ली निघाले आहेत. त्यांना घरच्या मोठ्या माणसाने शांतपणे सांगावे, की बाबा रे, तू लग्नासाठी आला आहेस, लग्न तुझ्यासाठी नाही.

आता थोडे गणित. अक्षता पडल्या, की बोहल्यावर आहेराची आणि फोटोची रांग लागते. समजा, दीडशे कुटुंबे आली. एकेकाला चाळीस सेकंद. दीडशे गुणिले चाळीस म्हणजे सहा हजार सेकंद, म्हणजे शंभर मिनिटे! वैशाखाचे ऊन, अंगावर शालू आणि फेटा, पहाटेपासून पोटात काही नाही, आणि ती दोन लेकरे शंभर मिनिटे उभी. कित्येक नवऱ्या भोवळ येऊन पडतात त्याचे कारण हेच. यावर तोड म्हणजे अक्षतांनंतर पंधरा मिनिटे दोघांना बसू द्यावे, पाणी-सरबत द्यावे. मग लांबच्या गावाच्या पाहुण्यांना आधी बोलवावे, त्यांना गाडी गाठायची असते. गावातल्या लोकांचे फोटो एकेकाचे न काढता आळीवार किंवा भावकीवार काढावेत. दीडशेच्या जागी तीस फोटो होतील, वीस मिनिटांत रांग संपेल, आणि पुढच्या काळात पाहताना अख्खी भावकी एका चौकटीत सापडेल.

श्रोतेहो, आतापर्यंत मी बोहला, अंतरपाट असेच बोललो. पण आपल्या भागात लग्नाच्या रीती अनेक आहेत. बौद्ध पद्धतीचे लग्न थोडक्यात आणि वेळेवर होते. त्रिशरण, पंचशील झाले की विधी उरकतो, म्हणून तेथे फोटोग्राफर आधीच सज्ज पाहिजे, आणि शुभ्र वस्त्रांचा पांढरेपणा जळून जाणार नाही इतपत उजेड त्याने बेताने घेतला पाहिजे. नांदेडला शीख बांधवांचे आनंद कारज असते. चार लावांच्या फेऱ्या होतात. तेथे डोके झाकून, गुरू ग्रंथसाहिबांकडे पाठ न करता, आधी परवानगी घेऊन काम करावे लागते. मुसलमान घरांत निकाहच्या वेळी बायकांची बैठक वेगळी असते. तेथे फोटो काढणारी बाईच असावी, ही सोय दीनदयाळांना १८९२ साली सुचली होती. आज खेड्यापाड्यांतल्या मुलीही हे काम शिकत आहेत, त्यांना अशा ठिकाणी अगत्याने बोलवावे. हिंदू घरांतसुद्धा हळदीच्या आणि बायकांच्या कार्यक्रमांना मुलगी फोटो काढीत असली, तर बायका मोकळेपणाने हसतात.

आता जरा नाजूक गोष्टीकडे वळतो. आपल्या लग्नांतल्या फोटोंत एक माणूस पुष्कळदा नसते, ते म्हणजे घरातली विधवा आई, चुलती किंवा आत्या. तिनेच मुलगी वाढविलेली असते, कर्ज काढून लग्नही तिनेच उभे केलेले असते. हळद, ओटी, अक्षता या सगळ्यांच्या वेळी मात्र ती आपण होऊन मागच्या खोलीत जाते. कोणी "नको" म्हणत नाही, आणि कोणी "ये" असेही म्हणत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांविषयीच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात शासनानेही इतर गावांनी त्याप्रमाणे वागावे असे कळविले. ठराव सगळीकडे पोहोचेल तेव्हा पोहोचेल. आपल्या घरच्या यादीत पहिल्या ओळीवर तिचे नाव लिहिण्यास कोणाची हरकत असावी? सकाळी आठच्या फोटोला तिला नाव घेऊन बोलवा. यादीत नाव आहे म्हटल्यावर तिलाही "मी कशाला, तुम्ही काढा" असे म्हणता येत नाही. तीच गोष्ट चुलीजवळ राबणाऱ्या आयाबायांची आणि आचाऱ्यांची. दोन मिनिटांचे काम आहे, पण ते आपोआप होत नाही.

कायद्याच्या बाजूनेही एक फोटो लागतो. महाराष्ट्रात १९९८ च्या अधिनियमाने विवाहनोंदणी आवश्यक केलेली आहे. नोंदणीच्या वेळी वयाचे पुरावे, साक्षीदार, लग्नपत्रिका यांच्याबरोबर लग्नाचा फोटोही मागतात. आणि आपल्याकडे बाशिंग नि मुंडावळ्या यांनी चेहरे निम्मे झाकलेले! तेव्हा विधी झाल्यावर मुंडावळ्या बाजूला सारून, दोघांचे चेहरे स्पष्ट दिसतील असा एक फोटो मुद्दाम काढून घ्यावा. ओघानेच सांगतो, मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस वर्षे पुरी झालेली नसतील, तर त्या मांडवात कॅमेराच काय, अक्षतासुद्धा नेऊ नये. असे लग्न लावणे हा गुन्हा आहे, आणि त्यात त्या मुलीचे नुकसान आहे.

खर्चाविषयी थोडे. लग्नाआधीच्या सिनेमासारख्या फोटोंसाठी, आकाशातून घिरट्या घालणाऱ्या ड्रोनसाठी, मोठ्या पडद्यांसाठी शेत गहाण टाकणे शहाणपणाचे नाही. ज्याला झेपेल त्याने हौस करावी. ज्याला झेपणार नाही त्याने एक बरा फोटोग्राफर अर्ध्या दिवसासाठी सांगावा आणि यादी चांगली करावी. कोणालाही सांगा, पण बोलणे कागदावर असू द्या. किती वाजता येणार, किती वाजेपर्यंत थांबणार, अल्बम कोणत्या महिन्यात देणार, मूळ फोटो देणार की नाही, आणि शेवटचा हप्ता अल्बम हातात आल्यावर. या पाच ओळी लिहिल्या, की पुढची भांडणे टळतात.

आणि फोटो आले, की ते मोबाईलमध्येच ठेवून निश्चिंत होऊ नये. मोबाईल फुटतो, पेनड्राइव्ह हरवतो. सगळे फोटो दोन घरी ठेवावेत, एक प्रत सासरी, एक माहेरी. आणि त्या बारा फोटोंच्या कागदी प्रती काढून घ्याव्यात. प्रत्येकीच्या पाठीमागे मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने, डावीकडून उजवीकडे नावे, गाव आणि तारीख लिहावी. जुन्या फोटोंतली कितीतरी माणसे आज कोणालाच ओळखू येत नाहीत, कारण ज्यांना नावे ठाऊक होती त्यांना कोणी विचारले नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, शेवटचे बोलणे आपल्याशी. गावात लग्न निघाले, की पत्रिकेचा मजकूर गुरुजींकडून, मंगलाष्टके गुरुजींकडून, ध्वनिक्षेपकावर सूचना गुरुजींकडून. शाळेचे वेळापत्रक लावण्याचा सराव तुम्हाला आहेच. त्यात आणखी एक कागद घाला. सातवी-आठवीच्या मुलांना आपल्या घरच्या पुढच्या कार्याची बारा फोटोंची यादी करावयास सांगा. नाती कळतील, वेळेचे गणित येईल, सूर्याची चाल समजेल, आणि कोण राहून गेले हे विचारण्याची सवय लागेल. या सराईत ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनी आजच संध्याकाळी तो कागद करावावयास घ्यावा, आणि पहिले नाव घरातल्या सर्वांत वडील माणसाचे घालावे.